काड्या मोजून पैसे : रस्त्यावरच्या सातेचे तुमचे अनुभव

निमित्त झालं पुतण्याचं. मागच्या महिन्यात तो पहिल्यांदाच सिंगापूरला आला, म्हणून संध्याकाळी त्याला लाऊ पा सात या जुन्या बाजाराच्या बाजूच्या बून टॅट स्ट्रीटवर नेलं. दिवसा तो बँकांच्या उंच इमारतींमधला साधा रस्ता. संध्याकाळी सातच्या सुमारास वाहनं बंद होतात, रस्त्यावरच टेबलं-खुर्च्या पडतात आणि कडेला सातेवाल्यांच्या शेगड्या पेटतात (साते म्हणजे काडीला ओवून निखाऱ्यावर भाजलेले मांसाचे तुकडे). धूर असा की दोनदा चष्मा पुसावा लागतो. वीस काड्या मागवल्या, दहा चिकन, दहा मटण. खाणं झाल्यावर पोरगा ताटलीतल्या रिकाम्या काड्या जुळवत बसला. म्हटलं, हे काय? तर म्हणे, "काका, तुम्हीच सांगायचात ना, काड्या मोजून पैसे घेतात म्हणून!"

आता नाही घेत. आता पैसे आधी, माल मागून. पण मी 1990 साली जहाजदुरुस्तीच्या कामावर इथे आलो तेव्हा एस्प्लनेड पार्कात, समुद्राच्या कडेला, साते क्लब होता. क्लब फक्त नावात, बाकी सगळे उघड्यावरचे ठेले. 1940च्या दशकात तो बीच रोडजवळच्या होय हाऊ रोडवर भरायचा, 1971मध्ये एस्प्लनेडला आला आणि 1995मध्ये बंद झाला. त्या भागात आज काटेरी टरफलाची मोठी नाट्यगृहं उभी आहेत. इथले लोक त्यांना ड्युरियन म्हणतात, मला तो फणस वाटतो.

पगाराच्या शनिवारी आम्ही तिघं जायचो. म्हातारा मलय सातेवाला काही न विचारता ताटली भरून आणून ठेवायचा. खाल तेवढ्याचे पैसे, आणि पुरावा म्हणजे रिकाम्या काड्या. आमच्यातल्या एका सोलापूरकराने एकदा चार काड्या हळूच चपलेखाली सारल्या. म्हातारा आला. रिकाम्या काड्यांकडे त्याने बघितलंच नाही. ताटलीत उरलेल्या भरल्या काड्या मोजल्या, मनातल्या मनात वजाबाकी केली आणि चपलेखालच्या चारांसकट आकडा सांगितला. मग चपलेकडे बघून हसला. त्यानंतर आम्ही कायम त्याच्याकडेच बसलो. दुसऱ्याकडे बसायची लाज वाटायची.

तर मंडळी, येऊ द्या तुमचे अनुभव. गाडी, टपरी, हॉकर सेंटर (एका छपराखाली खाण्याचे पुष्कळ ठेले), बाजारातली बाई, काहीही चालेल. फक्त ते गार हवेच्या हॉटेलातलं चार काड्यांचं स्टार्टर नको. आणि शाकाहारी मंडळींनी हा धागा आपला नाही म्हणून पळू नये. का ते पुढे कोणीतरी लिहीलच.

पुदिना, सिंगापूर

काका, लाऊ पा सात छानच आहे, 1894ची ती अष्टकोनी लोखंडी इमारत बघायलाही लोक जातात. पण स्वस्त म्हणाल तर आमच्या बेडोकसारख्या वस्तीतल्या हॉकर सेंटरला या. ऐंशी सेंटांना काडी, काही ठिकाणी अजूनही सत्तर. अट एकच, दहापेक्षा कमी देत नाहीत.

मी इथे आले तेव्हा एकटी राहायचे. पहिल्याच दिवशी सातेवाल्या माक्चिकला (म्हणजे मावशीला) पाच काड्या मागितल्या. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "टेन. यू टू थिन." ऐकलं. दहा खाल्ल्या. पुढच्या आठवड्यात वीस.

बरोबर येतं ते म्हणजे काकडीचे जाड तुकडे, कच्चा कांदा, केतुपात (नारळाच्या पात्याच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात, इतका घट्ट की सुरीने चौकोन कापतात) आणि वाडगाभर दाण्याचा रस्सा. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती म्हणाली, अगं ही तर उपासाची दाण्याची आमटी! आणि खरंच, गवती चहा, कांदा-लसूण आणि गलांगल (आल्याचा भाऊबंद) काढून टाका, नारळाचा गूळ तेवढा राहू द्या, की एकादशीला भगरीवर घेता येईल. फक्त इकडे ती कोंबडीबरोबर खातात. आईने त्या दिवसापासून मी एकादशीला काय खाल्लं हे विचारणं बंद केलंय.

नवीन येणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. टेबलावर टिशूचं पाकीट पडलेलं असेल तर ते टेबल कोणाचं तरी आहे, आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसं. आणि खाऊन झाल्यावर ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा. 2021पासून नाही ठेवला तर दंड होऊ शकतो. ट्रे ठेवायच्या जागा दोन असतात, हलाल आणि इतर. चिनी पद्धतीची डुकराची साते खाल्ली असेल (तिच्या रश्श्यात वर अननसाचा लगदा घालतात, फार भारी लागतो) तर तो ट्रे चुकूनही हलालच्या रॅकवर ठेवू नका. मी ठेवला होता. एका आजोबांनी काही न बोलता उचलला आणि शेजारी ठेवला. ते न बोलणं जास्त लागलं.

उपाशी बोका

मधेच तोंड घालतो. ते "सॅटे" नाही, "सटाय" तर नाहीच नाही. सा-ते. माझे सासरे कोणी "साटे" म्हटलं की विचारतात, "आणि लोटे कुठायत?"

गलबत, रत्नागिरी

मी पंचवीसेक वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. इंडोनेशियात, जावातल्या सुराबायाला तांजुंग पेराक बंदरात नांगर पडला की कूकसकट सगळ्यांचं एकच, गेटाबाहेर जाऊन साते खायची. समोर सामुद्रधुनीपलीकडे मादुरा बेट. आता 2009पासून साडेपाच किलोमीटरचा पूल झालाय, आमच्या वेळी होडीच होती. बेट कोरडं, शेती बेताची, म्हणून मादुराचे लोक पोटासाठी बाहेर पडले आणि त्यातल्या पुष्कळांनी शेगडी धरली. जकार्तात रात्री गल्लीत सातेची गाडी आली की ती बहुतेक मादुराच्या माणसाचीच. काही गाड्या अजून होडीच्या आकाराच्या असतात. आम्हा खलाशांना त्या बघून उगाच बरं वाटायचं.

आरोळी ऐकण्यासारखी. "तेऽऽ... सातेऽऽ". आपल्याकडे पूर्वी दुपारी "कल्हईऽऽ" यायची ना, तसली. ओबामांचं लहानपण काही वर्षं जकार्तात गेलं. 2010मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून तिथल्या विद्यापीठात भाषणाला उभे राहिले तेव्हा त्यांनी ही सातेवाल्याची आणि बाक्सोवाल्याची (बाक्सो म्हणजे मांसाचे गोळे) आरोळी म्हणून दाखवली होती. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. आमच्या जहाजावरचा इंडोनेशियन बोसन (खलाशांचा मुकादम) ते सांगताना दर वेळी दोन्ही आरोळ्या स्वतः मारायचा.

आता तो माणूस काम कसा करतो ते लिहितो, कारण मला त्यातच जास्त रस. शेगडी म्हणजे लांब, अरुंद पन्हळ. रुंदी एवढीच की मांस निखाऱ्यावर आणि काडीचं टोक बाहेर. रुंद असती तर काड्याच जळाल्या असत्या. कोळसा नारळाच्या करवंटीचा. डाव्या हातात विणलेला पंखा, उजव्या हातात दहा-पंधरा काड्यांचा पंजा, सगळ्या एकदम उलटायच्या. पंखा थांबला की निखारा मंदावतो, जोरात मारला की चरबी ठिबकून जाळ उठतो आणि वरचा गोडवा करपतो. ही गोड काळी चकाकी येते केचाप मानीसमुळे, म्हणजे ताडाच्या गुळाचा दाट सोया सॉस. प्रत्येक काडीवर एक तुकडा चरबीचा किंवा कातडीचा ओवलेला असतो. तो फेकायचा नाही. तो वितळून बाकीच्यांना भिजवतो, काडीतला तोच खरा कामगार.

मग ताटलीत दाण्याचा रस्सा चमच्याच्या पाठीने पसरायचा, वर केचाप, चिरलेला लहान कांदा, मिरची, लिंबू. लोन्तोंग (केळीच्या पानात शिजवलेला घट्ट भात) हवा का विचारायचं. हो म्हणायचं.

एकदा पहाटे निघायचं होतं आणि रात्री दहाला आम्ही सात जण गाडीवर. त्याच्याकडचं संपत आलेलं. त्याने बायकोला हाक मारली, तिने घरातून स्वतःच्या जेवणासाठी ठेवलेलं मांस आणून ओवलं. पैसे नेहमीचेच घेतले. वर द्यायला गेलो तर त्याने सुट्टे परत मोजून हातावर ठेवले.

संत्रीवाला, नागपूरहून क्वालालंपूरला

काका मोजून राहिले काड्या, आम्ही मोजतो किलोमीटर. साते खायची तर काजांग. क्वालालंपूरच्या दक्षिणेला, अन् मलेशियात त्याला सातेचं गावच म्हणतात. 2017पासून मेट्रो थेट तिथपर्यंत गेली. शेवटच्या स्टेशनावर उतरू नका, त्याच्या एक आधीचं, स्टेडियम काजांग, ते गावात आहे.

काजांगच्या सातेचे तुकडे मोठे. रस्सा अन् तिखट वेगवेगळं येते. दाण्याचा रस्सा गोडूस, अन् बाजूला लाल सांबाल, म्हणजे मिरचीचा ठेचा. ते तुम्हीच तुमच्या हिशेबानं मिसळायचं. मी सगळंच ओतलं. वेटर पोरगा घाबरून पाण्याचा जग घेऊन आला. म्हटलं, बाबू, आम्ही सावजी खाणारे लोक. त्याला काय समजलं देव जाणे, त्यानं आणखी एक वाटी सांबाल आणून ठेवलं. ती मात्र घाम काढून गेली, खोटं कशाला बोलू.

एक कामाची गोष्ट. मलयमध्ये आयाम म्हणजे कोंबडी, काम्बिंग म्हणजे बकरा. दागिंग म्हणजे नुसतं "मांस", पण पाटीवर असेल तर बहुतेक गोमांस. माझ्या बाबांना हे सांगायचं मी विसरलो आणि त्यांनी "मीट, मिक्स" म्हणून बोट दाखवलं. दोन काड्या खाऊन झाल्यावर मला दिसलं. मी गप्प. आता तेही हे वाचतील. बाबा, माफ करा, त्या दिवशी तुम्ही आणखी दोन मागवत होते, म्हणून मीच घाई केली, बस सुटून राहिली नव्हती.

उपाशी बोका

बाबांची प्रतिक्रिया आली की कळवा.

कुळीथ, पुणे

मी ती "पुढे कोणीतरी". जन्मापासून शाकाहारी. नवरा सगळं खातो. जावात पंधरा दिवस होतो, आणि पहिले चार दिवस मी त्याच्या काड्यांचा फोटो काढण्यापुरती.

मग सोलो शहरात साते केरे भेटली. केरे म्हणजे कंगाल, भणंग. मांस परवडत नव्हतं त्यांची साते. टोफू करताना जो चोथा उरतो तो आंबवून गेम्बुस नावाचा तेम्पे करतात, त्याचे चौकोन काडीला लावून, गोड मसाल्यात मुरवून निखाऱ्यावर भाजतात. वर तोच दाण्याचा रस्सा. तुकडा मऊ, फुसफुशीत, स्पंजासारखा, रस्सा पिऊन बसलेला. मला ढोकळ्याची आठवण झाली. चटणीत बुडालेल्या, कडा करपलेल्या ढोकळ्याची. रस्त्याच्या कडेला बुटक्या स्टुलावर बसून मी दहा काड्या खाल्ल्या, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे नवऱ्यापेक्षा जास्त काड्या होत्या. पैसे इतके कमी झाले की नवऱ्याने दोनदा विचारून घेतलं.

(शंकेखोरांसाठी: त्याच शेगडीवर बाजूला गाईच्या आतड्याच्याही काड्या होत्या. मी वेगळ्या टोकाला भाजून घेतल्या. ज्यांना तेवढंही चालत नाही त्यांनी लांबून नमस्कार करावा.)

आता खरी गंमत. सोलो ते योग्यकार्ता लोकल आहे, आठ हजार रुपियांत, म्हणजे वडापाव-चहाच्या पैशात. दुसऱ्या दिवशी तिथल्या बेरिंगहार्जो बाजाराबाहेर बायका टोपल्या नि छोट्या शेगड्या घेऊन बसलेल्या. गर्दी, धूर, आणि कानावर शब्द पडला "साते केरे". मी नवऱ्याला ऐटीत म्हटलं, तू थांब, ही माझी. बोटाने दहा दाखवल्या. शेगडीवर चरचर जरा जास्तच होत होती. गेम्बुस काही ठिबकत नाही, आणि हे ठिबकत होतं. वास घेतला आणि हात मागे.

योग्यकार्तात साते केरे म्हणजे गाईची चरबी! तीही गरिबांचीच, पण गरिबी दोन गावांत दोन तऱ्हांची. एकीकडे टोफूचा चोथा, दुसरीकडे खाटकाकडे उरलेली चरबी. साठेक किलोमीटरचं अंतर, नाव तेच.

त्या दहा काड्या नवऱ्याने खाल्ल्या. त्या बुंनी (तिथे वयस्क बाईला बु म्हणतात) माझा चेहरा बघून मला भाताची एक पुडी फुकट दिली.

स्पॅनर

कुळीथताई, योग्यकार्ताला होतात आणि साते क्लाथाक नाही? शहराबाहेर बांतुलला, इमोगिरीच्या रस्त्यावर, जेजेरानच्या आसपास रात्री शेगड्या लागतात. कोवळ्या बकऱ्याचं मांस, मसाला म्हणजे जवळजवळ नुसतं मीठ. दाण्याचा रस्सा नाही, बाजूला पातळ पिवळसर रस्सा. आणि काडी बांबूची नाही, सायकलच्या चाकाची तार!

माझ्यातला मेकॅनिकल जागा झाला. बांबू उष्णता आत जाऊ देत नाही, त्यामुळे बाहेरून करपतं तेव्हा आत जेमतेम शिजलेलं असतं, म्हणून बांबूवरचे तुकडे बोटाच्या पेराएवढे ठेवावे लागतात. लोखंड तापतं आणि मांस आतूनही भाजतं, म्हणून इथे तुकडे चांगले लिंबाएवढे चालतात. एका ताटात दोनच तारा येतात. मला वाटलं फसवलं. खाल्ल्यावर वाटलं, नाही.

ओठ मात्र जपा. तार दाताने ओढायला गेलो आणि खालच्या ओठावर शिक्का बसला. ऑफिसात पंधरा दिवस कारण सांगत फिरलो, कोणी विश्वास ठेवला नाही.

मांडवी, पणजी

आमी गोंयकार बालीला गेलो आणि ड्रायव्हर म्हणाला, चला "गोआ" दाखवतो. घरातल्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आताच तर गोव्यातून आलो! गोआ लावाह म्हणजे वटवाघळांची गुहा, पूर्व किनाऱ्यावरचं मोठं देऊळ. गुहेचं गोआ झालंय.

देऊळ बघून त्याच रस्त्याने थोडं पुढे, पेसिंगाहान भागात माशांची साते. साते लिलित. ओवलेले तुकडे नव्हेत. मासा वाटून, त्यात खवलेला नारळ आणि हळद-आलं-लसूण-मिरचीचं वाटण घालून, मळून, चपट्या काडीवर किंवा गवती चहाच्या दांड्यावर लिंपतात. लिलित म्हणजे गुंडाळणं. बाजूला माशाचं झणझणीत सूप, भात, लाल सांबाल. खोबरं, मासा, हळद, कोळसा. माझी सासू एका घासानंतर म्हणाली, "हें आमचेंच." तिला परदेशात पहिल्यांदा भूक लागली होती.

ती दुकानाच्या मागे जाऊन लिंपणाऱ्या बाईशेजारी बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. तासाभराने सासूच्या हातात चार काड्या होत्या, तिने केलेल्या. दोन गळून निखाऱ्यात पडल्या. बालीच्या बाईने तिच्या हातातलं पीठ पुन्हा दाबून दाखवलं: बोटं ओली हवीत, आणि लिंपताना काडी फिरवायची, हात नाही.

तीळगूळ

धाग्यात सगळीकडे दाणे, म्हणून एक अडचणीची गोष्ट सांगते. माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, साधी नव्हे, इंजेक्शन जवळ ठेवावं लागतं. "रस्सा नको" एवढं म्हणणं पुरत नाही. शेगडी तीच, लावायचा ब्रश तोच, काही ठिकाणी मसाल्यातही कूट असतं. एका ठिकाणी विक्रेत्याने खात्रीने "नो पीनट" सांगितलं आणि त्याच चिमट्याने काडी उचलून दिली. आम्ही नाही खाल्ली. जकार्तात साते ताइचान म्हणून पांढरी, दाण्याशिवाय, मिरचीच्या ठेच्याबरोबरची मिळते, पण तिथेही शेजारच्या गाडीवर काय चाललंय ते मी आधी बघते. मुलगा दहा वर्षांचा आहे. तो लांब उभा राहून धुराचा वास घेतो आणि म्हणतो, एवढं चालतं.

आडवाटेचा, मलाक्का

मलेशियातल्या मलाक्कात साते चेलुप नावाचा प्रकार आहे. टेबलाच्या मध्यात दाण्याचा रस्सा रटरटत असतो, तुम्ही कपाटातून हव्या त्या काड्या आणायच्या (कोलंबी, लावेची अंडी, टोफू, कलमी भाजी, मशरूम) आणि रश्श्यात बुडवून शिजवायच्या. चेलुप म्हणजे बुडवणं. रस्सा आटला की माणूस येऊन वरून ओततो.

आणि इथे अजून काड्या मोजून बिल होतं, काका!

कल्पना झकास, माझा अनुभव मिश्र. आम्ही पाच जण, सगळ्या काड्या एका डब्यात. बिलाला मुलगी आली, तिने मूठभर उचलून एका नजरेत एकशे बारा सांगितलं. आम्ही मोजल्या, एकशे चार. तिने पुन्हा मोजल्या, एकशे नऊ. बायको म्हणाली, दे आणि चल. मी हट्टाने टेबलावर दहा-दहाचे गठ्ठे लावले. एकशे सहा. शेवटी एकशे सहाचे दिले. बाहेर आल्यावर आमच्या मुलीने खिशातून तीन काड्या काढल्या, तिला त्यांची झोपडी करायची होती. शाळेच्या प्रकल्पासाठी.

परत आत जाऊन दिले पैसे. बिलवाल्या मुलीने "एकशे नऊ" एवढंच म्हटलं.

पुदिना

एकशे नऊ 😂

गवतीचहा, आइंडहोवन

नेदरलँड्समध्ये साते म्हणजे अर्धं राष्ट्रीय खाणं, जावावर राज्य केल्याची उरलेली चव. इथल्या चिप्सच्या टपरीवर तळलेल्या बटाट्यांवर दाण्याचा सॉस, मेयोनीज आणि कच्चा कांदा घालून देतात, त्याला "पतात्ये ओरलोख" म्हणतात, म्हणजे युद्धवाले चिप्स. दिसायला तसंच दिसतं. थंडीत, सायकलवरून उतरून, हातमोजे न काढता खायचं. साते आहे का ही? नाही. पण बॅंकॉकला होते तेव्हाची आठवण त्याच चवीने येते: डुकराची छोटी पिवळी साते, बरोबर काकडी-कांद्याचा आंबटगोड आजात आणि कोळशावर भाजलेला पाव. दाण्याचा रस्सा पावाने पुसून खायचा. तो भाजलेला पाव कोणी कमी लेखू नका.

हीर, गुहागर

परदेशात कुठे गेलो नाही. पण माझी बहीण सिंगापूरला असते, ती मे महिन्यात आली आणि म्हणाली, साते करू. गवती चहा अंगणात, हळद घरची, नारळ घरचे, गलांगल नाही म्हणून आलं जास्त. काड्यांवर गाडी अडली. बाजारात बांबूच्या काड्या नाहीत.

आजी ऐकत होती. ती उठली, पडवीत नवा खराटा बांधायला माडाचे हीर काढून ठेवले होते, त्यातले जाडसर निवडून विळीवर टोकं केली आणि पाण्यात भिजत टाकले, जळू नयेत म्हणून. बहीण म्हणाली, जावाकडे काही ठिकाणी अजून हिरावरच ओवतात. आजीला त्यात नवल काहीच वाटलं नाही. माड तिथे हीर.

करवंट्या जाळून निखारे केले, दोन विटांच्या मधे. गवती चहाची जुडी ठेचून तिचा ब्रश, त्याने नारळाचं दूध लावायचं. पहिल्या दहा करपल्या, कारण पंखा घालायला भाचा बसवला होता. दुसऱ्या खेपेला आजीने सुपाने वारा घातला, आणि तिला कोणी शिकवलं नव्हतं तरी तिचा हात बरोबर होता, चुलीपुढे गेलेली सत्तर वर्षं. दाण्याचं कूट बहिणीने भरड ठेवलं, आजी म्हणाली आणखी बारीक कर, बहीण नाही म्हणाली, दोघी भांडल्या.

तीस काड्या. माणसं सहा. जेवण झाल्यावर बहिणीने सिंगापूरची ती जुनी पद्धत सांगितली आणि भाच्याने सगळ्यांच्या पानातल्या काड्या गोळा करून मोजल्या. एकोणतीस.

आजीला विचारलं. ती कधीपासूनची कोंबडीला हात लावत नाही, गुरुवार असो नसो. "मला काय विचारता," म्हणाली, आणि त्या हिराने दात कोरत पडवीत जाऊन बसली.